मे-हॉमला हाक

आमच्याकडे बाईचं स्वतःचं नाव पहिलं मूल होईपर्यंतच टिकतं. मूल झालं की ती त्या मुलाची 'मे', म्हणजे आई, आणि बाप 'पो'. माझा थोरला केव, म्हणून मी मे-केव. माझं जन्माचं नाव विचारलंत तर माझ्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागेल. केव लहानपणी लोकांच्या कोंबड्या पळवायचा, तेव्हा गावभर शिव्यांनाही माझंच नाव लागायचं. पोर कसंही निघो, नाव त्याचंच मिरवायचं.

माझ्या शेजारच्या मे-हॉमचं तसं नव्हतं. हॉम म्हणजे सुवास. यी हॉम ही तिची एकुलती एक लेक ('यी' आमच्यात पोरींच्या नावाआधी लागतं), आणि पोरगी खरंच नावासारखी. पो-हॉम लेक रांगत असतानाच नदीच्या पुरात गेला. मग मे-हॉमने मडकी घडवून तिला वाढवलं. मडकी आमच्यात बायकाच करतात. जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने चाक हळूहळू फिरवायचं, आतून गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटायचं. उन्हात वाळवून पेंढ्याच्या आव्यात भाजायचं. तिच्या थापीचा आवाज ऐकत आमच्या बान थिन गावातल्या पोरी लहानाच्या मोठ्या झाल्या.

सगळ्या गावाचं तिच्याकडे काम. आमची घरं खांबांवर उभी, माणूस वर राहतो, त्यामुळे खालूनच हाका सुरू. "मे-हॉम, माझ्या रांजणाला तडा गेला गं." "मे-हॉम, तुझी डुकरं माझ्या वाफ्यात." ती वरून उत्तर द्यायची, "रांजण वाईट नाही, तुझ्या आदळआपटीने तडा गेलाय." जीभ तिखट, पण रांजण बदलून द्यायची.

लग्नानंतर आमच्यात जावई सासरी राहायला येतो. यी हॉमने नदीपलीकडचा लुन पसंत केला. लहानपणी चीवर नेसून विहारात राहून आला होता, म्हणून सगळे त्याला खनान लुन म्हणायचे. विहारात अक्षरं शिकला, पण चालायला शिकायचा राहिला असावा. पहिल्याच दिवशी त्याने वाळत घातलेली मडक्यांची अख्खी रांग पायाखाली घेतली.

"लेकी, जावई आणलास की रेडा?" मे-हॉम म्हणाली.

"रेडा परवडला असता," यी हॉम म्हणाली. "त्याला शेपटीला धरून थांबवता येतं."

लुन खापऱ्या गोळा करता करता हसत होता. तेव्हाच मला कळलं की हा इथे टिकणार. पुढे माती आणणं, मळणं, आवा लावणं, सगळं तो करू लागला. फक्त घरच्या कुत्र्याने त्याला कधी घरचा मानला नाही. रोज संध्याकाळी शेतावरून आला की जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, "मे-हॉम, कुत्रं धरा." आम्ही त्या हाकेवर भात शिजत घालायचो.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी यी हॉमला ताप आला आणि तापातच ती गेली. पदरात मूल नव्हतं. रीतीप्रमाणे एक सुती दोरा तिच्या देहाला बांधला, दुसरं टोक लुनला, आणि गावातल्या थोरल्या म्हाताऱ्याने तो मधोमध कापला. गेलेल्या माणसाने जोडीदाराला सोबत ओढू नये म्हणून हे करायचं. दोरा तुटला की नातं सुटलं. लुन मोकळा झाला आणि काही दिवसांनी आपल्या आईच्या घरी परत गेला. त्यात त्याची चूक काहीच नव्हती. आईला मात्र असा दोरा कोणी बांधत नाही, म्हणून कोणी कापतही नाही.

पाटलीणबाई मे-सेंग मनाने चांगली, पण तिचं मन आणि अक्कल एकाच वेळी क्वचितच घरी असतात. पाणवठ्यावर ती म्हणाली, "तिला हाक मारायची म्हणजे मेलेल्या लेकीचं नाव तिच्या कानावर घालायचं. कशाला खपली काढायची? आजपासून आजी म्हणू या." सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मे-हॉम आजी झाली. नातवंड नसलेली आजी.

आणि ती ओ देईनाशी झाली.

"आजी, चाळण आहे का गं?" उत्तर नाही. "आजी, भिक्खूंनी बोलावलंय." उत्तर नाही. म्हातारीचे कान गेले, गावाचं ठरलं. मे-सेंग जिन्याखाली उभी राहून असं केकाटायची की माझी भाताची कोठी हादरायची. विहारातून कानात घालायला लसणाचं तेल आलं. चाक बंद पडलं, थापी आढ्याला खोचून ठेवली गेली. नव्या वर्षाच्या सांगखान सणाला विहारात पाण्याचे नवे रांजण लागतात, तेही दुसऱ्या गावाहून आणायचं ठरलं.

एका सकाळी मी चिकट भाताचा मुटका घेऊन वर गेले. तिची पाठ माझ्याकडे होती. मी अगदी हळू म्हटलं, "भाजी करपली वाटतं." ती झटकन उठली आणि चुलीकडे गेली.

"कान तर शाबूत आहेत," मी म्हटलं. "मग ओ का देत नाहीस?"

"आजी कोण? मी कोणाची आजी?" ती बसली. मी दिलेला मुटका नुसता चिवडत राहिली. "मे-केव, माझ्या लेकीचं नाव या गावात उठता बसता घेतलं जायचं. डुकरांवरून, रांजणांवरून, भांडणातसुद्धा. मला वाटलं होतं, ती गेली तरी तेवढं राहील. आता कोणी म्हणजे कोणी घेत नाही. त्या दिवशी नाही गेली माझी हॉम, आत्ता जातेय."

मी म्हटलं, "मग सांग की त्यांना."

"भात मागून घेता येतो. हाक मागून घेतात का?"

"मी म्हणेन. आत्ताच्या आत्ता म्हणेन."

"तू कीव येऊन म्हणशील," ती म्हणाली. "मला ते कळेल."

मी जिना उतरून घरी आले.

सांगखान आला. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. सगळं गाव वाटेवर होतं. तेवढ्यात नदीच्या बाजूने खनान लुन आला, हातात फुलं घातलेल्या पाण्याचं भांडं. सवयीने जिन्याखाली थांबला आणि सवयीनेच ओरडला, "मे-हॉम, कुत्रं धरा."

मे-सेंगने कपाळाला हात लावला.

वरून आवाज आला, खणखणीत, पूर्वीचा. "कुत्रं मागच्या थंडीतच मेलं. ये वर, रेड्या."

मी पाठोपाठ वर गेले. शेजारणीला आगंतुक असावंच लागतं. लुनने तिच्या हातांवर पाणी घातलं. मग तो म्हणाला, "पलीकडच्या गावात माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात मी त्या घरी राहायला जाणार. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आलो."

ती उठली, आतून सुती दोरा आणला आणि त्याच्या मनगटाला बांधला, आत्मा अंगात नीट राहावा म्हणून बांधतात तसा. गाठ मारायला तिला वेळ लागला.

"तो कापला तो हॉमचा होता," ती म्हणाली. "हा माझा. हा कापायची रीत नाही. सुखाने जा. पोर झालं की त्याच्या नावाने तुला हाक मारीन, खनान म्हणणार नाही."

"आणि मी?" लुन म्हणाला. "मी तुम्हाला काय म्हणू?"

"आत्ता काय म्हणालास?"

तो रडला. मीही रडले, आणि तिने आम्हा दोघांना भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मे-सेंग जिन्याखाली आली. बराच वेळ घसा खाकरत राहिली. मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "मे-हॉम, पुढच्या सांगखानला विहाराचे रांजण तूच करशील का गं?"

"करते," वरून उत्तर आलं. "पण जरा मोठ्याने म्हण. मला ऐकू येत नाही."