टाकीवरचा घोडा

पनवेलला रेल्वे नवीनच आली होती आणि मी मालधक्क्यावर कारकून होतो. रॉकेलच्या टाकीडब्यांवर कंपनीचा धावता घोडा असायचा आणि खाली ओळ, ‘घरोघरी उजेड’. खाऱ्या वाऱ्याने रंग उडाला की तो नव्याने काढायला मिठागराकडचा एक पेंटर यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घोड्याचा डोळा काढताना तो श्वास रोखून धरायचा आणि मग ब्रश लेंग्यालाच पुसायचा.

एकदा त्याने घोडा चक्क उभा काढला. कंपनीचे साहेब भडकले, “आमचा घोडा धावता आहे!”

तो म्हणाला, “सायेब, परतीला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं, डबा काय वळत नाय. जाताना घोडा बरोबर पळंल, पण येताना शेपूट पुढं करून उलटा पळंल. जनावराची अशी थट्टा करू नाय.”

“घोड्याचं तोंड कोण बघतंय?” साहेब म्हणाले.

त्याने घोडा पुसला आणि धावता काढला. आयाळ वाऱ्यावर, चारही खूर जमिनीवरून सुटलेले. इतका देखणा घोडा मी आजवर पाहिलेला नाही.

आठवड्याने तोच डबा भरून आला. घोडा शेपूट पुढे करून स्टेशनात शिरला. हमाल, गार्ड, कोणाचंच लक्ष नव्हतं. पेंटर पलीकडे दुसऱ्या डब्याला रंग देत होता. त्याने ब्रश खाली ठेवला आणि गाडी थांबेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मीही हातातले कागद ठेवले आणि त्याच्या शेजारी जाऊन तसाच उभा राहिलो.