आईच्या मणक्यावर माझा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले आणि डोकं मागून. आमच्याकडे कंबरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. त्यामुळे कोल्हापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या पाठी मी लहानपणापासून तुडवल्या आहेत. पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी दारात कुणी कंबर धरून आलं की चप्पल काढायचे. लाज वाटायची, पण नाही म्हणवत नसे.

गेल्या वर्षी आईच्या पाठीत कळ आली. सात वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पण ते प्रकरण मिटलं असंच आम्ही धरून चाललो होतो. दोन म्हशींची धार ती अजून स्वतः काढायची, तेव्हा उसणच असणार. तिनं जमिनीवर पालथं पडून मला हाक मारली. मी पाय ठेवला, नेहमीसारखा तीनदा दाबला. ती उठून म्हशींकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःहून म्हणाली, डॉक्टरांकडं जाऊया.

स्कॅनमध्ये कमरेचा एक मणका चेपलेला निघाला. कॅन्सर हाडात उतरला होता.

माझ्या डोक्यात एकच: तो मणका मी चेपला का? डॉक्टरबाईंना पायाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या आधी हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. नक्की सांगता येणार नाही, म्हणाल्या. मला चैन पडेना. मणका आतून इतका कच्चा झालाच कसा, हे मी खोदून खोदून विचारलं. बाहेर रांग ताटकळत होती, तरी बाईंनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं.

हाडात दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या नवं भरतात. जन्मभर त्यांचं बरं जुळलेलं असतं. स्तनातून निसटलेली कॅन्सरची पेशी रक्तातून तिथं येते, आयत्या बिळावर नागोबा. तिला स्वतःला हाड फारसं फोडता येत नाही. ती हाड भरणाऱ्या पेशींना इशारे करते, त्या विरघळवणाऱ्यांना चेतवतात, आणि हाड झिजायला लागतं. झिजताना हाडात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात. ती कॅन्सरला मिळतात. तो वाढतो, आणखी इशारे करतो. हाडांचा धडा मी वीस वर्षं शिकवला, पण हाडाच्या आत इतकी बोलाचाली चालत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. खरं सांगते, भीती होतीच, पण त्या क्षणी मला ते भारी वाटलं, आणि भारी वाटल्याचा स्वतःवर रागही आला.

विरघळवणाऱ्या पेशींना आवरणारं इंजेक्शन सुरू झालं. सलाईन चालू असताना मी आईला सगळं समजावलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे कुंपणच शेत खातंय की," म्हणाली. मग मी धीर करून विचारलं, माझ्या पायानं झालं का गं?

ती म्हणाली, "उसण असती तर तुझ्या पायानं गेली असती. आजवर कुणाची ऱ्हायली न्हाय. माझी ऱ्हायली, तवाच कळलं मला, ते परत आलंय. त्येच बघायला तुला हाक मारलेली."