बोंबलाचा वास येतोय ना

आमच्या कोळीवाड्यात कोरोनाची टेस्ट फुकटात व्हायची. सुका बोंबील नाकाला लावायचा, बस. दुसऱ्या लाटेत घरटी एकाला तरी वास येईनासा झाला, तेव्हा बायकांनीच ही रीत पाडली. वाकोल्याच्या बाजारात मासळी विकायला निघण्याआधी आय रोज सकाळी बोंबील हुंगायची. वास आला तर पाटी डोक्यावर, नाही आला तर घरात गप. तेव्हा ते खरंही ठरायचं, उगाच नावं कशाला ठेवू?

पुढे आय-बापूस दोघांचे दोन-दोन डोस झाले. बापसाचं डायलिसिस चालू होतं, त्याच्या काळजीने आयची झोप उडालेली. सुई घेऊन आल्यावर म्हणाली, "सुटलो बाय एकदाचे." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

थंडीत ओमायक्रॉन आला. आयचा घसा धरला, अंग मोडून आलं. मी सासरहून फोनवर तिच्यावर ओरडले, "टेस्ट कर गं, आणि बापसापासून लांब राहा."

"बोंबलाचा वास येतोय ना मला? मग थंडीचं हाय. सुयाबी घेतल्यात," ती म्हणाली आणि त्याला पेज भरवायला गेली. चार दिवसांत ती बरी होऊन बाजारातही बसली.

बापूस मात्र तापाने पडला तो उठलाच नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, या नव्या प्रकारात बऱ्याच जणांचा वास जातच नाही. लस घेतली तरी लागण होते, पण आजार सहसा वाढत नाही. डायलिसिसवाल्यांना मात्र लस तेवढी लागू पडत नाही, त्यांना आणखी डोस लागतो. बापसाचा तो डोस व्हायचा होता. लोक म्हणाले, त्याचे दिवस भरले होते. असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझा बापूस मला अजून हवा होता.

बाराव्यानंतर मी आयची समजूत काढत होते. म्हटलं, "लसीने तुला तरी वाचवलं गं. नाहीतर तूही अंथरुणाला खिळली असतीस."

 ती म्हणाली, "खिळले असते तर त्याला पेज दुसऱ्या कोणी भरवली असती."