आतलं माप

कपाटकाका हा माणूस लाकडावर जीव लावणारा. चाळीस वर्षे त्यांनी कपाटे केली आणि चाळीस वर्षे एकच नेम पाळला: माप आतून घ्यायचे. गिऱ्हाइकाला कपाटाच्या बाहेरच्या अंगाशी काय देणेघेणे? त्याचे कपडे आत मावले की त्याचा आत्मा तृप्त. हा नेम त्यांच्या हाताचा, हाच त्यांच्या श्वासाचा.

श्वास मात्र काकूंचा अडला. घरातच रंधा, घरातच करवत. भुसा उडे तो थेट काकूंच्या छातीत जाऊन बसे. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "भुसा घराबाहेर काढा, नाहीतर यांना."

"त्यावर तुम्ही जरा जास्तच वेळ विचार करत होतात," काकू पुढे कितीतरी दिवस ऐकवत.

मग परसात शेड उभी राहिली. नगरपालिकेच्या नियमाचे पत्रक काकांनी तीनदा वाचले होते: उंची आठ फुटांच्या आत असेल, तर परवानगी नको. फळ्या उभ्या ठेवायला सात फूट अकरा इंच लागत. काकांनी नेमके तेवढेच ठेवले. भुसा बाहेर गेला, काकूंचा खोकला उतरला, दोघे पुन्हा एका खोलीत झोपू लागले. देवाने याहून अधिक काय द्यावे?

आणि मग पत्र आले. गुरुवारी अकरा वाजता बांधकाम निरीक्षक पाहणीस येतील. जादा बांधकाम पाडले जाईल.

"आपलं सगळं मापात आहे ना?" काकूंनी विचारले.

"आहे तर. दाखवतोच तुला," म्हणत काकांनी शिडी लावली, टेप छपराच्या माथ्यावर धरला आणि जमिनीपर्यंत सोडला.

आठ फूट सहा इंच.

पुन्हा धरला. तेच. तुळया, फळ्या, वरचा पत्रा, सगळे मिळून सात इंच; आणि हे सात इंच त्यांनी मोजलेच नव्हते. नियम शेडला बाहेरून पाहतो, आणि चाळीस वर्षांचा हात आतून मोजून मोकळा झाला होता. काका शिडीवरच बसले. खालून काकूंचा श्वास ऐकू येत होता, स्वच्छ, मोकळा. आणि तोच श्वास त्यांना ऐकवेना.

तीन दिवस अन्न गोड लागले नाही. फाटक वाजले की ते खिडकीआडून पाहत. भाजीवाली आली तरी काका मोरीत जाऊन उभे राहत.

"छप्पर सात इंच उतरवा की," काकू म्हणाल्या.

"मग फळ्या कुठे उभ्या करू? पुन्हा घरात?"

काकू हळूच म्हणाल्या, "छप्पर खाली येतंय, तर जमीनही खाली घ्या. आत सात इंच खणा. बाहेरून मोजणाऱ्याला आतला खड्डा काय करायचा?"

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "एवढी वर्षं मी सुतार, आणि तू?"

"मी सुताराची बायको. सगळं ऐकत आले."

पण हातात एकच दिवस उरला होता. गुरुवारी निरीक्षकबाई आल्या, तेव्हा शेड होती तशीच उभी. बाईंनी टेप काढण्याआधीच काकांच्या तोंडून गेले, "बाई, सहा इंच जास्त आहे. माझंच चुकलं. मी आतून मोजलं."

"आतून?"

"कपाट करतो मी."

बाईंनी तरीही मोजले, कागदावर लिहिले. मग म्हणाल्या, "महिन्याची मुदत देते. उंची आत आणा, नाहीतर पाडावी लागेल."

महिनाभर काकांनी छप्पर उतरवले, खांब कापले, जमीन खणली. भीतीने त्यांची पाठ सोडली नाही. खणताना ती शेजारी उभी असे. महिना भरला. बाई आल्या, टेप लावला. काकांनी डोळे मिटले.

"सात फूट अकरा. ठीक आहे." बाईंनी सही केली आणि टेप गुंडाळला.

काका हलले नाहीत. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "एकदा परत मोजता का?"

"अहो, जाऊ द्या त्यांना," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांचा हात घट्ट धरून ठेवला.