लेस्टरच्या वर्गणीदारांच्या शोधात

ब्रिटनमधल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, आपल्याला न विचारताच आपलं मत जाहीर केलं जातं, याची चीड तुम्हालाही येत असेल. गेल्या आठवड्यात तेच घडलं. आमच्या पक्षाच्या अध्यक्षपदासाठी माझी मैत्रीण, रीडिंगची मेधा उभी आहे. तिच्या प्रतिस्पर्ध्याने देणग्यांचा शहरवार नकाशा फिरवला. जिथे देणगीदार जास्त तिथे रंग गडद, आणि त्यात लेस्टर सगळ्यात गडद. जणू अख्खं शहर त्याच्या पाठीशी. पक्षातले ज्येष्ठ मेधाला म्हणाले, "आपली मराठी माणसंच त्याच्याकडे आहेत. सन्मानाने माघार घे." तिने रविवारपर्यंत वेळ मागितला. शनिवारी मी लेस्टरला निघालो.

रीडिंगहून लंडनचं पॅडिंग्टन, तिथून सेंट पँक्रसला जाऊन लेस्टरची ट्रेन. तिकीट आधीच काढा; ऐनवेळी खिसा कापला जातो. लेस्टरमध्ये भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर गरम कचोरी खाल्ली, आल्याचा चहा घेतला. तोवर सगळं ओळखीचं होतं.

मागच्या गल्लीत वळलो आणि रस्त्याचा आवाज एकदम तुटला. भर दुपारी धुकं. दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं आणि प्रत्येक खिडकीत प्रतिस्पर्ध्याचा तोच हसरा चेहरा. माणूस एकही नाही. मी चालेन तसे ते डोळे सरकत होते. एक बेल वाजवली. दार अर्धवट उघडून गृहस्थ म्हणाले, "दिली ना देणगी. त्याची माणसं दारात आली, नाही कसं म्हणायचं?" पुढच्या दारातही तेच वाक्य, त्याच सुरात.

त्यापुढच्या घराला पडदे नव्हते. काचेला कपाळ टेकवून पाहिलं. पोस्टरमागे खोली रिकामी, जमिनीवर धूळ खात पडलेली पत्रं.

"तिथे कोणी राहत नाही हो," मागून आवाज आला. मी दचकलो. शेजारच्या निर्मलाकाकू किल्ल्या घेऊन उभ्या होत्या.

"पण काकू, पोस्टर तर देणगीदारालाच मिळतं ना?"

"मीच भरली त्या घरवाल्यांची देणगी. गणपतीत गावाला गेलेल्यांची वर्गणी भरते, तशीच. पोस्टरही मीच लावलं. घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

"मग मत कोणाला देणार?"

"मत? ते तर पक्षाच्या सभासदांनाच. आमच्यात सभासद कोण आहे? पैसे मागितले, दिले. मत कोणी मागितलंच नाही!"

संध्याकाळच्या ट्रेनने परतलो. रीडिंगला मेधा माघारीचा ईमेल उघडून बसली होती.

"खरं सांग रे. संपलं का माझं?"

"लेस्टर अजून बोललेलंच नाही. तिथे रिकामं घरसुद्धा त्याचं समर्थक आहे."

तिने ईमेल डिलीट केला. "काकूंचा पत्ता दे. मत मागायला मी जाते."

त्या नकाशाने एवढंच दाखवलं होतं, की बेल कोणी वाजवली. आतल्या माणसाला काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं. आपण दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही, आणि आपला हाच चांगुलपणा आपला कौल म्हणून मिरवला जातो. माझ्या लोकांनो, हे आपणच थांबवू शकतो! शुक्रवारी सभासद नोंदणी बंद होते. मत मेधाला द्या नाहीतर त्याला, पण स्वतः द्या. आजच पक्षाचे सभासद व्हा.