रथसप्तमीचं बुकिंग

किहीमच्या अनंता राऊताला आपल्या वाडीतलं झाड न् झाड माहीत होतं. कुठल्या माडाला भुंगा लागलाय, कुठल्या पोफळीला पाणी कमी पडतंय, हे तो पाटाच्या कडेने चालता चालता सांगे. घरातल्या कॉम्प्युटरला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता. तो शकूचा होता.

शकू म्हणजे त्याची बायको, शकुंतला. वाडीच्या मागच्या अंगाला दोन कॉटेजी बांधायचं निघालं ते तिच्याच डोक्यातून. "माडावर अजून किती वर्सं चढाल? गुडघं ऐकतात का तुमचं?" असं म्हणून तिने त्याला तयार केला. मग एसटीने अलिबागला जाऊन कॉलेजातल्या पोरींच्या बरोबरीने कॉम्प्युटरचा क्लास केला. लॉजचं बुकिंग ठेवायचा एक प्रोग्राम विकत घेऊन घरच्या मशिनवर बसवून घेतला. मशिनला क्रोशाचं कव्हर विणलं. फोन आला की चष्मा लावून ती खुर्चीत बसायची. खोली भरली की त्या दिवसाचा चौकोन लाल, रिकामी असली की हिरवा. अनंता दारातून विचारायचा, "शनिवारी कोण हाय?" आणि ती मान न वळवता नाव, गाव, माणसं किती, मासे खाणारे किती, सगळं सांगायची.

पुढे मुलगा रितेश हैदराबादला नोकरीला लागला. त्याने आईला समजावलं की आता लोक फोन करत नाहीत, नेटवरच खोली धरतात. त्याने नेटवर एक कॅलेंडर मांडलं, पाहुण्यांसाठी पान तयार केलं आणि घरचा प्रोग्राम त्याला जोडून दिला. इथे लिहिलेलं तिथे दिसे, तिथे झालेलं बुकिंग इथे उतरे. शकूने एकच अट घातली होती. "नेटवर कोण पण काय पण टाकील. माझ्या मशिनीवर असंल तेच खरं धरायचं." रितेशने तशी सोय केली. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर नेटने घरच्या मशिनचं ऐकायचं. मशिनवरचं काही बदलायला पासवर्ड लागे, आणि तो शकूने कोणाला सांगितला नव्हता. कोणी विचारलाही नव्हता.

मागच्या रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालवायची तयारी करता करता शकू खाली बसली आणि उठलीच नाही. अलिबागच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झालं, रितेश परत गेला. पाहुणे मात्र यायचे थांबले नाहीत. नेटवर बुकिंग होत राहिलं. अनंता फाटक उघडायचा, चावी द्यायचा, त्याची भावजय रचना रांधून घालायची. काम आपोआप चाललंय हे अनंताला बरंच वाटे. शकूची घडी अजून बसलेली आहे, असं तो म्हणे.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्याने ठरवलं की त्या दिवशी वाडीत परकं माणूस नको. यंदा रथसप्तमी सव्वीस जानेवारीला लागून आली होती, जोडून सुट्ट्या होत्या. रितेशने त्याला मोबाईलवर कॅलेंडर उघडायला शिकवलं होतं. त्याने रथसप्तमीच्या चौकोनावर बोट दाबून 'भरले' केलं. चौकोन लाल झाला. माडांना पाणी लावून तो घरात आला, पाहिलं तर चौकोन पुन्हा हिरवा.

आपलंच बोट चुकलं असेल म्हणून त्याने परत केलं. चहा होईस्तोवर परत हिरवा.

त्याने रितेशला फोन लावला.

"बाबा, नेटवर करून उपयोग नाही," रितेश म्हणाला. "आपल्या डेस्कटॉपवर तो दिवस रिकामा आहे ना, मग तो नेटवाल्याला खोडून टाकतो. जोडणी तोडली तर पुढची सगळी बुकिंगं जातील. मशिनवरच बंद करायला पाहिजे."

"मंग कर की बंद."

"आईचा पासवर्ड लागेल."

मग रितेशने फोनवरून एकेक सांगायला सुरुवात केली आणि अनंता एका बोटाने टाईप करत बसला. रितेशचं नाव, जन्मतारीख, वाडीचं नाव, शकूच्या माहेरचं गाव. शेवटी अनंताने स्वतःचं नाव घालून पाहिलं. तेही नव्हतं. प्रोग्रामने दार लावून घेतलं आणि कंपनीशी संपर्क साधा असं सांगितलं.

कंपनीतली मुलगी फोनवर फार गोड बोलत होती. "सर, रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

तो मोबाईल शकूचा. कपाटात तिच्या साड्यांच्या घडीवर पडून होता. त्यात पैसे भरायचं अनंताला सुचलंच नव्हतं, त्यामुळे नंबर कधीच बंद पडला होता. तरी त्याने आपल्या फोनवरून तो लावून बघितला. बेल वाजली.

"बोला," पलीकडून एक पुरुष म्हणाला.

"हा... हा शकूचा नंबर हाय."

"कोण शकू? मी अकोल्यातून बोलतो. सिम नवीन घेतलंय मी."

अनंताने जमेल तसं सांगितलं, की बायकोचा नंबर होता, ती गेली, आता तिच्या नावाने एक आकडा तुम्हाला आला असेल, तेवढा वाचून दाखवा.

माणूस सावध झाला. "काका, ओटीपी मी कोणाला देत नसतो. असे फोन रोज येतात." आणि त्याने फोन ठेवला.

त्याचंही चुकीचं नव्हतं. अनंता फोन हातात धरून ओटीवर बसून राहिला. त्या नंबरवर त्याने जन्मात 'जेवायला येतो' आणि 'नारळवाला आलाय' याच्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

कंपनीने मृत्यूचा दाखला मागवला. खातं दुसऱ्याच्या नावावर करून मिळेल, पण वेळ लागेल असं कळवलं. अनंताने वायर काढून मशिन बंद ठेवून पाहिलं. पण ते बंद असलं की नेटवर दिवस बंद करताच येईना, शेवटचं हिरवं तसंच राहिलं, आणि तेवढ्यात पुण्याच्या काही मंडळींनी कॉटेज धरली. रितेशने त्यांना फोन करून हात जोडले. बिचाऱ्यांनी रद्द केलं, तर ती जागा पुन्हा हिरवी होऊन दुसऱ्याने घेतली. त्यांनाही नको म्हणून कळवलं. शेवटी रितेशने आपल्याच नावावर दोन्ही कॉटेजी धरून टाकल्या. "आता कोणी येणार नाही बाबा. झालं काम."

आदल्या दिवशी रितेश आला. पहाटे उठून अंघोळी झाल्या, भटजी आले. रचनाने वडे, खीर, भाजणीचं काय काय मांडलं होतं. मधल्या खोलीत शकूच्या फोटोला हार घातला होता. भटजींनी रितेशला दर्भ दिला, इतक्यात फाटकाशी गाडी वाजली.

अनंता धोतरावरच बाहेर आला. गाडीतून एक तरुण, त्याची बायको आणि काठी टेकत एक म्हातारी बाई उतरली. तरुण हसून म्हणाला, "काका, मी स्वप्निल. ठाण्याहून आलोय. आमचं बुकिंग आहे."

"आज बुकिंग न्हाय. आज बंद हाय."

"असं कसं? काल रात्रीच केलंय. पैसे भरलेत." त्याने मोबाईल पुढे केला. "हे बघा, मॅडमचा मेसेज पण आलाय."

अनंताने वाचलं. 'तुमचं बुकिंग पक्कं झालं आहे. आम्ही तुमची वाट पाहतोय. सुरमई आवडत असेल तर आधी सांगा. शकुंतला राऊत.' ही शब्दरचना तिचीच. तिनेच कधीतरी लिहून ठेवलेली.

"मॅडम आहेत का? त्यांच्याशी बोलतो," स्वप्निल म्हणाला.

अनंताने मोबाईल त्याच्या हातात परत दिला. रितेश दर्भ तसाच बोटात घालून बाहेर आला, आपल्या मोबाईलवर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःच्या नावावर धरलेल्या कॉटेजींची आगाऊ रक्कम भरायची राहून गेली होती. रक्कम न भरलेलं बुकिंग आपोआप सुटतं. ही सोय त्यानेच करून ठेवली होती.

"बाबा, माझ्या लक्षातच..." तो म्हणाला.

म्हातारीचं लक्ष तोवर उघड्या दारातून आत गेलं होतं. हार, समई, पाट. तिने मुलाचा दंड धरला. "स्वप्निल, चल इथून."

"कुठे जायचं आई? सगळं फुल आहे. तू ठाण्यापासून उलट्या करत आलीयस."

अनंताने म्हातारीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आलेल्या माणसाला शकूने कधी फाटकातून परत लावलं नव्हतं. त्याने कनवटीची चावी काढली.

"मागं जावा. पंखा लावा. आजी, पडा जरा," तो म्हणाला. "मासे मात्र आज न्हाय मिळायचे."

श्राद्ध झालं, पण जसं व्हायला हवं होतं तसं झालं नाही. मंत्र चालू असताना मागच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. रितेशचं लक्ष नव्हतं. दुपारी रचनाने पाहुण्यांना तीच खीर आणि तेच वडे वाढले. म्हातारीने पानाला नमस्कार केला, पण चार घासांपलीकडे तिला जेवण गेलं नाही. स्वप्निल खाली मान घालून जेवला. जाताना त्याने दोनदा माफी मागितली. अनंताला वाटलं, माफी कोणी कोणाची मागायची हेच इथे कोणाला माहीत नाही.

संध्याकाळी बापलेक ओटीवर बसले. रितेश म्हणाला, "तोडूनच टाकतो सगळं. नेट नको न् काही नको."

"मंग मी काय करू?" अनंता म्हणाला. "माडावर चढू?"

रितेश हैदराबादला गेला, जोडणी तशीच राहिली.

उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. खातं अनंताच्या नावावर झालं. रितेशने पासवर्ड लावून दिला, अनंताने तो पाठ केला. त्यानंतर पाहुण्यांना जाणारा मेसेज बदलला. 'प्रिय ग्राहक, आपले आरक्षण निश्चित झाले आहे. अनंत राऊत.' जुना मजकूर परत आणता येईल का, असं त्याने विचारलं. जुन्या खात्याबरोबर तो गेला, असं रितेशने सांगितलं.

एका दुपारी घरात कोणी नसताना अनंता पहिल्यांदा स्वतःहून शकूच्या खुर्चीत बसला. पुढची रथसप्तमी कोणत्या तारखेला येते ते त्याने भटजींना विचारून घेतलं होतं. तो दिवस शोधला, बोट दाबलं. या वेळी प्रोग्रामने ऐकलं. फक्त बंद ठेवण्याचं कारण विचारलं. दुरुस्ती, रंगकाम, मालकाचा वापर, इतर.

त्याने 'इतर' निवडलं. खाली एक चौकट उघडली. कृपया कारण लिहा.

अनंता कळफलकाकडे बघत राहिला. 'श' कुठे आहे ते सापडायला त्याला वेळ लागला. सापडल्यावरही पुढे काय लिहावं ते सुचेना. इतक्यात स्क्रीन बदलली. बराच वेळ काही न केल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे, बदल नोंदला गेलेला नाही, असं तिच्यावर आलं होतं. बाहेर माडांना पाणी लावायची वेळ झाली होती. तो तसाच बसून राहिला.