पाणी पाजणारा गोटीराम

गोटीराम शिकारी होता, पण शिकारी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो झुपकेदार मिशांचा गडी येतो, तो विसरा. हा दोन एकरांत मेथी, कोथिंबीर आणि झेंडू काढणारा किडकिडीत माळी. पहाटे माल घेऊन नाशिकच्या बाजारात जायचा, दहाला परत यायचा आणि दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. गंगापूर रोडचे बंगले सरकत सरकत त्याच्या वाडीच्या दोन कोसांवर आले होते. मागे डोंगर तेवढा शिल्लक होता आणि डोंगरात रानडुकरं.

वर्षातून दोनदा-तीनदा डुकरांनी भुईमूग फारच उकरला की गोटीराम बापाचा भाला काढायचा. शिकारीला बंदी होती, हे त्याला ठाऊक होतं आणि फॉरेस्टच्या गार्डालाही ठाऊक होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो उपास धरायचा. जनावर पडलं की चपला काढायचा, ओंजळीनं त्याच्या तोंडात पाणी घालायचा आणि कपाळावर हात ठेवून म्हणायचा, "तू रानाचा, मीबी रानाचा. पोटापुरतं घेतलं. तुझं उपकार हाय, राग धरू नको." बापानं शिकवलेलं एवढंच; पाणी पाजायचा मान त्यांच्याच घराण्याचा. त्यानं पाणी पाजल्याशिवाय वाडीतली पंचवीस घरं त्या मांसाला हात लावत नसत. मंत्री गावात आला तर कुणी बाजेवरून उठत नसे, पण गोटीराम पाणी पाजायला वाकला की म्हातारी माणसंसुद्धा उभी राहत. आयुष्यात त्याला मान मिळाला तो इथेच.

मग दोन हजार चारच्या सुगीत त्याच्या पुतण्याला, वाल्मीकला, अक्कल फुटली. कणकेच्या गोळ्यात फटाक्याची दारू भरायची आणि गोळा डुकराच्या वाटेवर ठेवायचा. जनावरानं चावला की तोंडातच फुटतो. ना भाला, ना उपास, ना रानात पाय झिजवणं. फार्महाऊसवाल्यांना दर रविवारी मटण हवं असे आणि ते पुरवायला वाल्मीक मोटारसायकलवर तयार. गोटीरामनं त्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी गोटीराम मोटार चालू करायला ओढ्यावर गेला, तर पाण्याच्या कडेला एक मादी उभी होती. माणूस दिसला तरी ती पळाली नाही. जवळ गेल्यावर त्याला कळलं. तिला खालचा जबडाच नव्हता. जीभ लोंबत होती, काळी पडली होती आणि तिच्यावर किडे वळवळत होते. दोन दिवसांची तरी जखम असेल. ती पाण्यात तोंड घाली, पाणी येई आणि सगळं बाहेर सांडे. पुन्हा घाली, पुन्हा सांडे. गोटीरामनं आयुष्यभर जनावरं मारली होती, सोलली होती, आतडी धुतली होती. पण ही घाण जनावराची नव्हती, माणसाची होती.

तो ओंजळ भरून तिच्यापाशी गेला. वासानं डोक्यात कळ आली, तरी त्यानं तिची मान वर धरली आणि पाणी थेट घशात सोडलं. तिनं गिळलं. त्यानं आणखी दोन ओंजळी घातल्या. उपकार मानायला तोंड नव्हतं, म्हणून तो एवढंच म्हणाला, "माफ कर माय." मग झोपडीतून भाला आणून त्यानं तिला यातनांतून सोडवलं.

रक्ताचा माग काढत वाल्मीक चार पोरं घेऊन तिथं पोचला. सोबत वाडीतली सर्वांत म्हातारी अक्काबाईही काठी टेकत आली होती.

"तात्या, पाणी पाजलं का?" वाल्मीकनं विचारलं.

"पाजलं. पर खायाला नाय. किडे पडलेत रे."

"तोंडाकडचं टाकून देऊ. मागलं चांगलं हाय." वाल्मीकनं सुरा काढलासुद्धा.

गोटीराम अक्काबाईकडं वळला. ती म्हणाली, "पानी पाजलं म्हंजी झालं, गोट्या. नेम तो नेम. तुझ्या बापाचाच हाय."

दयेनं पाजलेल्या पाण्याचा यांनी परवाना केला होता! आता दर गोळ्यामागं हेच होणार, हे त्याला लख्ख दिसलं. जबडे उडवायचे यांनी आणि पाणी पाजून सोवळं करायचं गोटीरामनं. आपल्या हातांचीच त्याला शिसारी आली.

दुपारी बांधावरच्या म्हसोबापुढं पातेली चढली. निम्मं मांस गंगापूर रोडला जायचं म्हणून वाल्मीकनं केळीच्या पानात बांधूनही ठेवलं होतं. काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून गोटीरामच्या हातात दिला गेला. पाणी पाजणारा तो तुकडा शेंदरी दगडापुढं ठेवी आणि मगच पंगत बसे. पाजणाऱ्यानंच देवाआधी तोंड लावलं, तर सगळं जनावर उष्टं, ते पुरायचं. आणि त्या माणसानं पुन्हा कधी पाणी पाजायचं नाही, त्याच्या वंशानंही नाही. असं आजवर कुणी केलं नव्हतं. करील कोण?

गोटीराम म्हसोबापुढं उभा राहिला. तुकडा वर धरला, सगळ्यांना दिसेलसा. आणि तोंडात टाकला.

अक्काबाई किंचाळली. वाल्मीक धावला, पण गोटीराम शांतपणे चावत होता. "आजपास्नं पाणी बंद," तो म्हणाला. "माझंबी आन् माझ्या मागल्यांचंबी."

पातेली ओढ्याकाठी खड्ड्यात रिकामी झाली. शिव्या देत का होईना, वाल्मीकला केळीचं पानही सोडावं लागलं, कारण नेम मोडायची छाती त्याच्यातही नव्हती. पुढं वाडीत गोळ्याचं मांस कुणी शिजवलं नाही. वाल्मीकनं धंदा डोंगरापलीकडं नेला. गोटीराम आता वाकायचा तो मेथी उपटायला, आणि कुणी उभं राहत नसे.

पण त्याच दिवशी संध्याकाळी बायकोनं, नवसाबाईनं, त्याला चूळ भरायला तांब्या दिला. "थुकलं तरी का नाय तिथल्या तिथं?" तिनं विचारलं.

"गिळलं."

"किडक्या जनावराचं? कसं गिळवलं तुम्हाला?"

गोटीरामनं तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"चांगलं लागलं गं," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच भडाभडा ओकला.